खालची मूठ

करवतीचा भुसा खाली पडतो हे थोरल्याला माहीत नव्हतं, असं कुणी म्हणणार नाही. तो कुणाच्या तोंडावर पडतो, हे मात्र त्यानं आयुष्यात कधी वाकून पाहिलं नव्हतं. वाकून पाहिलं की रेघ चुकते.

धंदा दोघा भावांचा. मोठं खोड चिरायचं म्हणजे जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, खड्ड्यावर आडवे दोन ओंडके, त्यांच्यावर ते खोड, आणि माणसाएवढी लांब करवत उभी धरलेली. वरची मूठ खोडावर उभं राहणाऱ्याच्या हातात, खालची मूठ खड्ड्यातल्याच्या. वरचा काजळीत भिजवलेलं सूत ताणून रेघ मारतो, रेघ बघतो, करवत सरळ ठेवतो आणि वारा खातो. खालचा ओढतो. त्याला रेघ दिसत नाही, आभाळ दिसत नाही. वरच्याचे तळवे तेवढे दिसतात, तेही डोळे उघडले तर. डोळे उघडले की भुसा, तोंड उघडलं की भुसा. म्हणून वरचा बोलतो आणि खालचा ऐकतो. थोरला वर, धाकटा खाली. तसं कुणी ठरवलं नव्हतं. काही गोष्टी जन्माच्या क्रमानं ठरतात, आणि मग त्या देवानं ठरवल्या असं म्हणायची सोय होते.

थोरला गावात नावाजलेला होता तो करवतीपेक्षा नम्रतेसाठी. चर्चमध्ये तो कायम शेवटच्या बाकावर बसायचा. मेजवानीत शेवटच्या जागेवर बसावं असं प्रभूनं सांगितलंय, आणि मग यजमान येऊन पुढे बोलावतो, हेही सांगितलंय. थोरल्याचे दोन्ही भाग पाठ होते. दर रविवारी पहिल्या गीताआधी पाळकसाहेब मान उंच करून म्हणायचे, "काका, मागे का बसलात? पुढे या." थोरला "नको, इथंच बरा आहे मी" असं सगळ्या बाकांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायचा. दुसऱ्यांदा बोलावलं की उठायचा आणि मधल्या वाटेनं, मान खाली घालून, पुढच्या बाकाकडे जायचा. ती वाट काही फार लांब नव्हती, पण तो तिला पुरवून पुरवून चालायचा.

प्रार्थनेला उभा राहिला की सुरुवात ठरलेली. "प्रभू, मी धूळ आहे, मी किडा आहे. या मंडळीत माझ्यासारखा नालायक, माझ्यासारखा कामचुकार दुसरा नाही." बाकांवरून हलकेच "छे, छे" यायचं. ते आलं की थोरला आमेन म्हणायचा. कधी कुणाला खोकला लागून "छे, छे" उशिरा आलं, तर तो किड्यावरून पुन्हा एकदा सुरुवात करायचा. त्याची बायको होती तेव्हा म्हणायची, "तुमची ही नम्रता घरात मावत नाही. जरा बाहेर अंगणात बांधत चला."

भांडण झालं तेही प्रार्थनेवरूनच. एका रविवारी थोरला "माझ्यासारखा कामचुकार दुसरा नाही" म्हणाला, आणि "छे, छे" यायच्या आत मागून धाकट्याचा आवाज आला.

"आमेन."

मोठ्यानं नाही म्हणाला. पण चर्च लहान होतं. पुढच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग दुसरं, मग गीत गाणाऱ्या बायका पदराआड. थोरल्यानं प्रार्थना पुरी केली. बाहेर पायऱ्यांवर सगळे चपला शोधत असताना तो म्हणाला, "करवतीला लोंबकळायचं, भावाच्या जिवावर खड्ड्यात उभं राहायचं, आणि वर आमेन म्हणायचं. लोंबकळ्या कुठला."

आता हे काही हवेतून आलं नव्हतं. त्या हंगामात करवत खरंच जड झाली होती. पूर्वी आपणच वर यायची, आता थोरल्याला ती ओढून घ्यावी लागत होती. खालचा लोंबकळत असल्याशिवाय करवत जड होत नाही, एवढं कुणालाही कळतं.

गावाला धाकट्याचं खरं नाव त्या दिवसापासून लागलं नाही. पाववाला लोंबकळ्या म्हणायचा, शिंपी लोंबकळ्या म्हणायचा, पोरं तर म्हणायचीच. धाकटा पुन्हा खड्ड्यात उतरला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला घर करून त्यानं पायानं फिरवायचं सहाणेचं चाक घेतलं आणि सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागला.

पुढे थोरल्याची बायको गेली. धाकटा आला, शवपेटीला खांदा दिला, मूठभर माती टाकली आणि न बोलता परत गेला. त्यानं डावा खांदा दिला होता. थोरल्याला ते दिसलं. का, ते विचारायचं राहिलं.

त्यानंतर घर म्हणजे एक माणूस आणि दोन खुर्च्या. खड्ड्यात पाचोळा साठला. थोरला कुऱ्हाडीचे दांडे करायचा, स्टुलांचे पाय बसवायचा. करवत भिंतीला टांगलेली, तिला महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवायचं. रात्री जेवायच्या आधी तो डोळे मिटून प्रार्थना करायचा. मी धूळ आहे, मी किडा आहे. मग सवयीनं थांबायचा. घरात "छे, छे" म्हणायला कुणी नव्हतं. किडा म्हटलं की किडाच राहायचा. ते त्याला बरं वाटायचं नाही, आणि तो घाईघाईनं आमेन म्हणून डाळीकडे वळायचा.

वादळांचे दिवस संपता संपता चर्चचं आढं तडकलं. छपराचा सगळा भार पेलणारी ती मधली तुळई, आणि तिला मधोमध बोट जाईल एवढी भेग. पाळकसाहेब आले ते ओटीवर बसायच्या आधीच बोलायला लागले. ते तरुण होते, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा.

"काका, पुढच्या वादळाआधी बदललं नाही तर छप्पर मंडळीच्या डोक्यावर येईल."

"लाकूड?"

"टेकडीखाली तो मोठा वृक्ष पडलाय ना, मालकानं दिला. पण लाकडाच्या गिरणीवाले म्हणतात, इथवर आणून द्या. आणि पुलावरून एवढं जड काही न्यायचं नाही, अशी पाटी आहे."

"आढं तुकड्यात चालत नाही. एकसंध लागतं."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"मी कोण, साहेब. मी धूळ."

"छे, छे," पाळकसाहेब म्हणाले. थोरल्याला फार दिवसांनी जरा बरं वाटलं.

आधी त्यानं मधल्या वाटेत एक जाड खांब उभा करून आढ्याला टेकू दिला. मग गावातली पोरंबाळं आणि दोर लावून खोड खड्ड्यापर्यंत आलं. पाचोळा उपसला. करवतीच्या एकेका दातावर कानस फिरवली. आता खाली कुणीतरी हवं होतं.

पाववाला स्वतःहून आला. कणीक मळून मळून त्याचे दंड मांडीएवढे झाले होते. "त्यात काय, ओढायचंच तर आहे," म्हणत खाली उतरला. त्यानं करवत अशी ओढली की थोरला वरून मुठीसकट खाली येता येता राहिला.

"सावकाश. तिला मळायचं नाहीये."

"डोळ्यात गेलं, काका."

"मिटून घे."

"मिटले की मी कुठं ओढतोय ते कळत नाही."

"तुला कळायचं नसतंच. मला कळतं."

पाववाल्याला हे पटलं नाही. तो डोळे उघडायचा, शिव्या घालायचा, थुंकायचा, आणि शिवी घातली म्हणून वर बघून माफी मागायचा, की पुन्हा भुसा. दुपारपर्यंत करवत रेघ सोडून वितीभर बाहेर गेली. थोरल्यानं पाचर मारून ती सोडवली. खोडाची ती बाजू फुकट गेली. आढ्यापुरतं लाकूड अजून धड होतं, पण चूक करायला आता जागा नव्हती. पाववाला वर आला, लाल डोळ्यांनी खोडाकडे बघून म्हणाला, "हे काम लोंबकळ्याचंच. त्याला बोलवा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. चाकाचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. धाकटा बाकड्यावर बसून पायानं चाक फिरवत होता, सुरी सहाणेवरून सरकत होती, ठिणग्या पायाशी पडत होत्या. भावजय दारात तांदूळ निवडत बसली होती.

"भावोजी आलेत," ती आत न बघता म्हणाली. "एकटेच आलात की नम्रतेलाही आणलंय?"

"अगं," धाकटा म्हणाला. मग भावाकडे बघून, "ये, दादा. बस."

थोरला बसला. चाक फिरत राहिलं.

"बरं आहे?"

"बरं आहे."

"चर्चचं आढं करायचंय."

"ऐकलं."

"प्रभूचं काम आहे. ते करणारे आपण दोघंच."

"होतो."

थोरल्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हे त्यानं वाटेत ठरवलं होतं. "हे बघ, मी लहान माणूस आहे. माझं काही चुकलं असेल तर..."

"'असेल तर' तेवढं काढा की," भावजय तांदळातला खडा बाहेर टाकत म्हणाली.

थोरल्यानं ऐकलं नाही असं केलं. धाकट्यानं चाक थांबवलं, सुरी खाली ठेवली आणि उजवा हात वर उचलला. तो कानापाशी आला आणि तिथंच थरथरत राहिला, फांदीला अडकलेल्या पतंगासारखा.

"एवढाच जातो. खालच्याला हात डोक्याच्या वर न्यावा लागतो. मला नाही जमणार."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच." कधीपासून ते त्यानं सांगितलं नाही. "वर उभा राहीन. तिथं कमरेपासून छातीपर्यंतच लागतो हात. तेवढं जमेल."

"वर?"

"वर."

"मग खाली कोण?"

गल्लीतून एक सायकल गेली. मग भावजय ताट उचलून उठता उठता म्हणाली, "खाली कोण म्हणजे? गावात किडा कोण आहे ते आम्ही दर रविवारी ऐकतोच की."

थोरला घरी आला. कंदील न लावता बराच वेळ बसला. नम्र व्हायला त्याची ना नव्हती. पण नम्र होणं वेगळं आणि धाकट्याच्या पायाखाली उभं राहणं वेगळं. समोरच्या रिकाम्या खुर्चीला तो म्हणाला, "माझं वय काय, अं?" खुर्चीनं "छे, छे" म्हटलं नाही.

रविवारी तो नेहमीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पाळकसाहेब उभे राहिले, चष्मा वर सारला, मान उंच केली. त्यांच्या आणि थोरल्याच्या मधोमध टेकूचा खांब होता. थोरल्यानं स्वतः निवडलेला, चांगला जाड. पाळकसाहेब एक क्षण थांबले, पुढचा बाक रिकामा बघून जरा चुटपुटले, आणि गीताचा क्रमांक सांगून मोकळे झाले.

थोरला थोडा डावीकडे सरकला. मग उजवीकडे. खोकलाही. गीत सुरू झालं होतं. मग त्याला वाटलं की पुढच्या कडव्याला दिसू आपण. पुढच्या कडव्यालाही कुणी वळून पाहिलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तो शेवटच्या बाकावर शेवटपर्यंत बसला. तिथून गीतांच्या क्रमांकांचा फळा दिसत नाही, वचन नीट ऐकू येत नाही, आणि दाराच्या फटीतून पायांना गार लागतं, हे त्याला नव्यानं कळलं. त्याच ओळीत पलीकडच्या टोकाला भिंतीशी धाकटा बसला होता. बरीच वर्षं तिथंच बसत असावा. त्याला कुणी कधी पुढे बोलावलं नव्हतं, आणि कुणी बोलावेल अशा बेतानं तो बसलेलाही दिसत नव्हता.

उपासना सुटल्यावर थोरला पायऱ्यांवर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मी खाली उतरतो. प्रभूच्या घरासाठी सगळ्यात खालची जागा मी घेतो."

"वा, काका," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. भावजयीनं छत्री उघडून मिटली. आभाळात ढग नव्हता.

सोमवारी खड्ड्याभोवती निम्मी मंडळी जमली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. धाकटा खोडावर चढला, वाकून सुताची रेघ पाहिली, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. थोरला शिडीवर उभा राहिला. अर्ध्यावर उतरून तो थांबला आणि वर बघत बोलू लागला. माणसानं कितीही खाली गेलं तरी प्रभू त्याच्याही खाली गेलेला असतो, असं काहीसं चांगलं चाललं होतं. लोक माना डोलवत होते. मग तो तळाशी पोचला, मूठ धरली आणि म्हणाला, "कारण जो स्वतःला नमवतो, तो..."

करवत खाली आली. पुढचं वाक्य भुशासकट गिळावं लागलं.

लोक थोडा वेळ थांबले. पण खड्ड्यातल्या माणसाचं बघायचं काय? वरून टोपी तेवढी दिसत होती, आणि तीही लवकरच भुशाच्या रंगाची झाली. एकेक जण कामाला गेला. पाळकसाहेबांनी जाताना वाकून "धन्य आहात" म्हटलं, तेही थोरल्यानं तोंड मिटून ऐकलं.

मग फक्त करवत राहिली. खड्ड्यात माती, डिंक आणि ओल्या मुळांचा वास होता. वारा येत नव्हता. घाम मानेवरून उतरायचा, त्याला भुसा चिकटायचा, आणि हलल्यावर तो कानशीसारखा घासायचा. डोळे मिटले तरी पापण्यांवर तो पडत असलेला जाणवायचा, न थांबता, न बोलता. मध्येच थोरल्यानं डोळे किलकिले केले. वर धाकट्याचे दोन तळवे होते, भेगा पडलेले, आणि त्यांच्याही वर उजेड. एवढी वर्षं धाकट्यानं हेच पाहिलं होतं. माझे तळवे. ते कसे दिसतात, कुणास ठाऊक.

धाकटा काही बोलत नव्हता. वरच्याला बोलता येतं हे त्याला ठाऊक नसावं, किंवा सवय नसावी.

घरी आल्यावर थोरल्याला सदऱ्याची बटणं काढता येईनात. तो सदऱ्यासकटच जेवायला बसला. पहिला घास खाली सांडला. डोळे मिटून त्यानं सुरुवात केली, "प्रभू, मी..." पुढे धूळ आणि किडा नेहमीच्या जागी उभे होते, पण ते आणायचा कंटाळा आला.

"खांदा दुखतो," तो म्हणाला, आणि आमेन म्हणायचं विसरून गेला.

मंगळवारी सकाळी अंग आखडलं होतं, तरी थोरल्यानं मनाशी ठरवलं होतं की आज धाकट्याला दाखवून द्यायचं. करवत खाली ओढून झाली की त्यानं खांदा लावून ती सगळ्या ताकदीनं वर ढकलली. ती मुळी वाटच बघत असल्यासारखी सुटली. वर धाकट्याचा तोल गेला, एक पाय रेघेवर सरकला.

"ढकलू नको, दादा. नुसती ओढ."

"मग वर कोण देणार?"

"मी."

"तू?"

"वरच्यानंच उचलायची असते."

करवत थांबली. थोरल्यानं डोळे पुसले, त्यानं ते आणखी चुरचुरले. "कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. खालचा ओढतो, वरचा उचलतो. नाहीतर खालच्यानं दोन्ही करायचं का?"

"बाबा कधी म्हणाले नाहीत. मी वर होतो आणि बाबा खाली, तेव्हापासून खालूनच यायची ती."

धाकटा खोडावर उकिडवा बसला. त्याचं तोंड पहिल्यांदा खड्ड्याच्या कडेवर आलं.

"तू लहान होतास, दादा. तुझा हातही पुरायचा नाही. तुला रेघ शिकवायची होती म्हणून बाबा स्वतः खाली उतरले, आणि तुला जड जाऊ नये म्हणून खालून ढकलायचे. बाबा गेले, मग मी उतरलो. मला वाटलं, खाली असंच करतात. पुढे दुसऱ्या गावची माणसं बघितली तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

धाकट्यानं विचार केला. त्यात रागबिग काही नव्हता. "तोंड उघडता येत नाही तिथं," तो म्हणाला. "आणि संध्याकाळी बोलावं, तर तू प्रार्थनेत असायचास."

थोरला मुठीकडे बघत राहिला. खालची मूठ बाभळीची होती, आणि एका बाजूनं इतकी झिजली होती की तिथं अंगठ्याची खोबण झाली होती. ओढणाऱ्याचा अंगठा त्या बाजूला येत नाही. ढकलणाऱ्याचा येतो. त्या हंगामात करवत जड झाली होती, कारण खालचा खांदा संपला होता. आणि तो तेव्हा पायऱ्यांवर उभा राहून भावाला काय म्हणाला होता, ते सगळ्या गावाला पाठ होतं.

तो बराच वेळ वाकून मूठ पुसत राहिला. मुठीला पुसण्यासारखं काही नव्हतं.

"ओढतोस का, दादा?" वरून आवाज आला.

"ओढतो."

करवत खाली आली, आणि वर गेली. आपोआप नाही. वर कुणीतरी एका दुखऱ्या खांद्यानं ती उचलत होतं. प्रत्येक वेळी, त्याला जड जाऊ नये म्हणून.

दुपार कलल्यावर पाववाला टोपली घेऊन आला. कामावरच्यांना पाव द्यायचे असं चर्चनं ठरवलं होतं. दुरूनच त्यानं हाळी दिली, "काय लोंबकळ्या, आज वर? बढती मिळाली म्हणायची."

करवत थांबली.

"लोंबकळ्या वर नाहीये," खड्ड्यातून आवाज आला. "खाली आहे."

"कोण?"

"मी. पहिल्यापासून मीच."

पाववाला हसला. टोपली खाली ठेवून कौतुकानं मान हलवत म्हणाला, "छे, छे. काकांचं हे असं. स्वतःला कमी म्हटल्याशिवाय घास उतरायचा नाही. खरंच, असा नम्र माणूस..."

थोरल्याला जन्मात पहिल्यांदा त्या "छे, छे"चा संताप आला. त्यानं तोंड उघडलं, आणि तोंडात नेहमीचेच शब्द होते. नालायक, कामचुकार. सगळे घासून गुळगुळीत झालेले. इतकी वर्षं ते खोटेपणी वापरले होते, आता खऱ्याला लावायला एकही धड उरला नव्हता.

तो शिडी चढून वर आला. भुवया, मिशा, कान, सगळं भुशानं पांढरं. पाववाल्याला हसू येत होतं, ते गेलं.

"नीट ऐक," थोरला म्हणाला. "करवत वरच्यानं उचलायची असते. मी उचलली नाही. एक दिवस नाही. ती हा खालून ढकलत होता, म्हणून ह्याचा खांदा गेला. खांदा गेला तेव्हा मला करवत जड लागली, आणि मी ह्याला नाव ठेवलं. ते नाव माझं आहे. गावात सांग."

पाववाल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा दूर टेकडीकडे बघत होता.

"काका, पण..."

"छे, छे म्हणू नको."

वाऱ्यानं टोपलीवरचं फडकं उडालं, ते कुणी धरलं नाही.

"आमेन," खोडावरून धाकटा म्हणाला.

तितक्याच हळू. तसाच. थोरल्यानं मान हलवली, टोपलीतला एक पाव उचलून न खाता खिशात ठेवला आणि शिडीकडे वळला. "चल," तो म्हणाला, "उजेड आहे तोवर ही बाजू संपवू."

त्या आठवड्याअखेर आढं निघालं, सरळ, रेघेवर. वाकसानं तासून, दोर लावून ते वर चढवलं. टेकूचा खांब काढला. रविवारी पाळकसाहेबांनी चष्मा वर सारला आणि मान उंच केली. आता शेवटचा बाक स्वच्छ दिसत होता. त्यावर भिंतीशी धाकटा होता, त्याची बायको होती, आणि थोरल्याची जागा रिकामी होती. पाळकसाहेब गोंधळले. पुढे पाहिलं, तिथंही नाही. थोरला मधल्या कुठल्याशा बाकावर शिंपी आणि शिंप्याच्या सासूच्या मध्ये बसला होता. मधल्या बाकाबद्दल प्रभूनं काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळे तिथं बसलेल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्रार्थनेची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला, म्हणाला, "माझ्या भावाचा खांदा बरा कर," आणि बसला. "छे, छे" म्हणायला कुणाला जागाच मिळाली नाही. एकदोघांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

भावजय बाहेर भेटली. "उरलेल्या फळ्या चिरायच्यात म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"ह्यांना उन्हात फार वेळ ठेवू नका. आणि डोळ्यांवर ओलं फडकं बांधा. हे तसंच करायचे." जेवायला या असं ती म्हणाली नाही. थोरल्यानंही वाट बघितली नाही, म्हणजे थोडी बघितली.

घरी येऊन त्यानं दोन खुर्च्यांपैकी एकीवर ओलं फडकं वाळत घातलं. संध्याकाळ झाली. गल्लीत सायकलची घंटी वाजली, आणि दारासमोर थांबली. पाववाला होता. तो जरा घुटमळला. गावाला एकदा नाव मिळालं की ते वाया जाऊ देत नाहीत, आणि ह्या नावाला आता मालक बदलून पाच दिवस झाले होते. पण वयाचा मान ठेवायला हवा, म्हणून त्यानं त्यात आपल्या परीनं भर घातली होती.

"अहो लोंबकळेकाका," त्यानं हाक मारली. "पाव हवाय का?"

रस्त्यावरची पोरं कान टवकारून उभी राहिली.

"ओ," थोरला म्हणाला, आणि दार उघडायला उठला.